काचघरातला कडुनिंब

आयर्लंडमध्ये रोवनचं झाड वाढवायला काहीही करावं लागत नाही. डोंगरउतारावर, दगडांच्या फटीत, पडक्या भिंतीवर, जिथे पाखरांनी बी टाकलं तिथे ते उगवतं आणि वारापाऊस खात मजेत उभं राहतं. आमच्या घरमालकांनी या झाडासाठी परसात काचेचं घर उभारलं, त्यात हीटर बसवला, थर्मामीटर टांगले आणि आत येणाऱ्याने पायातलं बाहेर काढून आतल्या स्लिपर घालायच्या असा नियम केला. गल्लीतल्या लोकांना हा माणूस थोडा वेडा असावा असा संशय होता. मी त्यांच्याकडे चारेक वर्षं भाड्याने राहिले, त्यामुळे मला संशय नव्हता, खात्री होती.

ॲथलोनमधल्या एका कारखान्यात मला नोकरी लागली होती. तिथे वैद्यकीय उपकरणं बनत. नोकरी मिळाली, पण राहायला जागा काही मिळेना. तेव्हा त्याच कारखान्याच्या गुणवत्ता विभागातल्या एका मराठी गृहस्थांकडे एक खोली रिकामी असल्याचं कळलं. मी बॅग घेऊन गेले तो जुलै महिना होता. बाहेर चक्क ऊन पडलं होतं, शेजारीपाजारी अर्ध्या चड्ड्या घालून गवत कापत होते आणि मला दार उघडणाऱ्या गृहस्थांनी माकडटोपी घातली होती.

"पुण्याची ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पुरावा काय?"

मी घाबरून पासपोर्ट शोधायला लागले. तेवढ्यात आतून बाईंचा आवाज आला, "अहो, तिला आत तरी येऊ द्या!" मग ते बाजूला झाले आणि माझ्या सुती कुडत्याकडे बघून म्हणाले, "एवढ्या पातळ कपड्यात काहून फिरून राहिली? इथली हवा भलती बेईमान आहे."

तेव्हापासून ते माझे काका आणि त्या काकू. काका नागपूरचे. आयुष्यभर कारखान्यात दुसऱ्यांच्या कामाची तपासणी केल्यामुळे "पुरावा काय?" हा प्रश्न त्यांच्या जिभेवर बसला होता. काकू म्हणाल्या, आमटीत मीठ घातलंय, की हे विचारणार, पुरावा काय. "चाखा आणि बघा," असं काकू म्हणत, आणि ते खरंच चमचा घेऊन उठत. एकदा गणपतीच्या आरतीला एका गृहस्थांनी बाप्पा आपल्या नवसाला पावल्याचं सांगितलं, तर काकांनी भर आरतीच्या ताटासमोर त्यांना पुरावा मागितला. ते गृहस्थ पुढच्या वर्षी लांबच्या स्लायगो गावच्या गणपतीला गेले.

नागपूर सोडून इतकी वर्षं झाली तरी काकांच्या फोनवर तापमान नागपूरचंच दिसे. मे महिन्यात सकाळी चहा घेताना ते "आज पंचेचाळीस!" असं म्हणत, आणि ते इतक्या अभिमानाने, की पोरगा बोर्डात आला असावा. आयर्लंडचं हवामान त्यांनी मानलंच नव्हतं. "अठरा डिग्री हे काय तापमान आहे? तो तर एसीचा आकडा आहे," हे त्यांचं मत. बाकी बाबतीत मात्र ते इथले झाले होते. कपाटाला प्रेस म्हणत, परक्या माणसाचा उल्लेख 'युअर मॅन' असा करत, आणि कसं काय विचारलं की "ग्रँड" म्हणत, मग भले दाढ का दुखत असेना.

आता झाडाची भानगड. ती मी येण्याच्या कितीतरी आधी, काका-काकू या घरात राहायला आले त्याच दिवशी सुरू झाली होती. शेजारी नोरा नावाची एक म्हातारी बाई एकटी राहायची. तिच्या फाटकाशी एक झाड होतं. देठाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पानं, पानांना करवतीसारखे दाते. काकांनी सामान टॅक्सीतच टाकलं आणि धावत जाऊन झाडाचा फोटो काढला. त्यांच्या नागपूरच्या घराच्या अंगणात मोठा कडुनिंब होता, आणि त्यांच्या आईने त्यांच्या परदेशी जाण्याला जो मुख्य विरोध केला होता तो असा, की ज्या गावात निंब नाही तिथे पाडव्याला गुढी कशाने सजवशील? काकांनी फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, आई, इथे शेजारच्या दारातच निंब आहे.

आईने तो फोटो गल्लीतल्या घराघरात दाखवला. पोरगा निंबाच्या गावात गेला म्हणून तिचा जीव भांड्यात पडला.

सप्टेंबरात त्या झाडाला लालभडक फळांचे घोस लागले. काकांनी नोराला विचारलं, तेव्हा त्यांना कळलं की हे रोवन. निंबाचं आणि याचं दूरचंही नातं नाही. आता वेळीच सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण आईने गल्लीभर सांगून टाकलेलं. आणि नेमका त्याच आठवड्यात व्हिडिओ कॉल चालू असताना मागच्या खिडकीतून ते झाड तिला दिसलं.

"हे लाल लाल काय हाये रे?"

"निंबोण्या, आई."

"लाल?"

"थंडी आहे ना इथे भलती. थंडीने लाल होतात."

पुढे 'थंडी' या एका शब्दावर काकांनी कित्येक वर्षं निभावून नेलं. मार्चमध्ये पाडवा आला की रोवनच्या फांद्या उघड्याबोडक्या असत. मग काका कुंपणावरच्या आयव्हीच्या वेलाची पानं गुढीला बांधत, आणि आईला पाना-पानातला फरक दिसू नये म्हणून फोन मुद्दाम हलवत. "हात काहून कापून राहिला तुझा?" आई विचारी. "थंडी," काका सांगत.

नोराला गुढीचं कौतुक होतं. पहिल्या वर्षी तिने विचारलं होतं, ही काठी, हे रेशमी कापड, हा पाला आणि उलटं भांडं कशासाठी? काका म्हणाले, चांगलं घरात यावं आणि वाईट बाहेर राहावं म्हणून. "अर्थातच," असं म्हणून नोराने मान हलवली. तिच्या आईनेही फाटकाशी रोवन याचसाठी लावला होता. त्याला सुरी-कात्री लावायची नाही, लागली तर फांदी हाताने मोडायची आणि आधी झाडाला विचारायचं, असा तिच्या घरचा दंडक होता. कारखान्यातल्या लोकांना गुढी समजावताना माझ्या नाकी नऊ आले होते. नोराला ती एका वाक्यात समजली होती, वर तिने एक सूचनाही केली, की भांडं उलटं लावता हे बरंच करता, नाहीतर त्यात पावसाचं पाणी साठलं असतं.

मी राहायला आले त्याच वर्षी काकांनी ठरवलं, की आयव्ही पुरे झाली. पाडव्याला रोवनला पाला हवा असेल तर रोवनला फसवलं पाहिजे. कुंडीत रोपं वाढवायची, काचघरात ऊब द्यायची, की झाडाला वाटेल वसंत आला. रॉसकॉमनकडच्या एका शेतकऱ्याने जुनं काचघर काढायला ठेवलं होतं. ते सुटं करून आम्ही मोटारीतून आणलं. काचा फुटू नयेत म्हणून काकांनी घरातून गुपचूप काकूंच्या साड्या आणल्या होत्या. मी मागच्या सीटवर, मांडीवर नारायणपेठी नेसलेली काच घेऊन बसले होते. घरी आल्यावर काकूंनी आधी साड्या मोजल्या, मग काचा.

काचघर उभं करायला दोन शनिवार-रविवार गेले. उभं राहिल्यावर लक्षात आलं, की दार कुंपणाच्या बाजूला आलंय आणि दार व कुंपण यांच्यामध्ये माणूस फक्त आडवा होऊन शिरू शकतो. दुसरा कोणी असता तर सुटं करून पुन्हा फिरवलं असतं. काका म्हणाले, "पश्चिमेचा वारा दारातून आत येऊ नये म्हणून मुद्दाम केलं." कुंपण पूर्वेला होतं हे खरं, पण तोवर त्यांनी ते ठरवलेलं नव्हतं हेही खरं. त्यानंतर आम्ही सगळे खेकड्यासारखे तिरके चालत काचघरात जात असू.

आतली सजावट म्हणजे मंगल कार्यालयाची तयारी होती. दोन्ही बाजूंना कुंड्यांसाठी लाकडी मांडण्या, काचांना आतून फुगेवालं प्लास्टिक, पावसाच्या पाण्याचं पिंप, ठरावीक गारठा आला की आपोआप सुरू होणारा हीटर. थर्मामीटर तीन, कारण एकट्या थर्मामीटरचं म्हणणं म्हणजे काही पुरावा नव्हे. छपराच्या झडपेला त्यांनी एक नळकांडं बसवलं होतं, ज्यातलं मेण उष्णतेने फुगलं की झडप आपण होऊन उघडायची. आयर्लंडमध्ये ती कशाला उघडते! तरी काका सुट्टीच्या दिवशी स्टूल टाकून तिच्याकडे बघत बसत. अखेर एका जूनमध्ये ती उघडली. त्यांनी मला आणि काकूंना हाका मारून बाहेर बोलावलं. आम्ही तिघं तिरके होऊन आत गेलो आणि मान वर करून ती बोटभर फट बघत उभे राहिलो.

बिया नोराच्या झाडाच्या. काकांनी त्या फळांतून काढल्या, धुतल्या आणि ओल्या वाळूत मिसळून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरल्या. या बियांना रुजण्याआधी काही महिने गारठा लागतो असं त्यांनी वाचलं होतं, म्हणून डबा फ्रिजमध्ये गेला. पुढचं सांगायलाच नको, पण सांगते. पाडव्याला काकू पुऱ्या तळत होत्या. मला म्हणाल्या, "फ्रिजमधला श्रीखंडाचा डबा देवापुढे ठेव गं." मी ठेवला. काकांनी डोळे मिटून पाणी फिरवलं, नैवेद्य दाखवला, झाकण उघडलं आणि आत वाळू! काकू झारा घेऊन धावत आल्या, तोवर काका डब्यात नाक घालून ओरडत होते, "फुटल्या! अरे फुटल्या!" बियांना खरोखरच पांढरे कोंब आले होते. काकूंनी त्यांना देवापुढे नाक घासायला लावलं. काकांनी घासलं, पण एका हातात डबा धरून.

रोपं वाढली. आता इथे काकांनी जी चूक केली ती फक्त नागपूरचा माणूसच करू शकतो. थंडीने माणूस मरतो, मग झाडही मरत असणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी हीटर रात्रंदिवस चालू ठेवला. बाहेर नोराचा रोवन बर्फाच्या चुऱ्यात उभा, आणि आत त्याची पोरं फेब्रुवारीतल्या नागपुरात. "युअर मॅनने रोवनसाठी काचघर बांधलंय," असं लोक एकमेकांना सांगत आणि मुद्दाम आमच्या घरावरून फिरायला जात. पाडव्याला कुंड्यांतल्या एकाही रोपाने पान उघडलं नाही. कळ्या घट्ट मिटलेल्या. पुन्हा आयव्ही, पुन्हा थंडी.

पुढच्या नोव्हेंबरात काकूंनी काही न विचारता सगळ्या कुंड्या उचलून बाहेर गवतावर ठेवल्या. मांडण्यांवर त्यांनी आपला कढीपत्ता, मिरच्या आणि अळू मांडले. काका कळवळले.

"मरतील ना ती!"

"काही मरत नाहीत. तुमची झाडं इथलीच आहेत. माझा कढीपत्ता परदेशी आहे."

काकांनी त्या रोपांना जुने स्वेटर घातले. काकूंनी काढले. त्यांनी पुन्हा घातले. अखेर काकूंनी ते स्वेटर कुठे लपवले ते अजूनही सापडलेलं नाही. ख्रिसमसनंतर चांगलं गोठलेलं दहिवर पडलं, आणि जानेवारीच्या शेवटी काकांनी कुंड्या एकेक करून चोरून आत आणल्या. काही आठवड्यांत सगळ्या रोपांना कोवळा पाला फुटला. झाडाला आधी थंडी लागते, मग ऊब, तेव्हा कुठे ते फसतं. हा शोध काकांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वतःच्या नावावर सांगितला.

त्या वर्षीची गुढी बघण्यासारखी होती. काकांनी फोन अजिबात हलवला नाही.

आणि मग त्यांच्या अंगात जोर आला. कंपनीतली कामं आणि रजेचे घोळ यांत त्यांना बरीच वर्षं नागपूरला जाता आलं नव्हतं. वडील वारले त्या वेळी गेले होते, तेच शेवटचं. पुढच्या डिसेंबरात त्यांनी आईला फोनवर सांगितलं, "येत्या पाडव्याला मी घरी येऊन राहिलो." आम्हाला वाटलं, म्हातारी आनंदाने रडेल. तिकडून लगेच आवाज आला, "तू नोको येऊ. मीच येतो तिकडं."

काकू पोळी लाटता लाटता थांबल्या. ही बाई कधी पुण्याच्या पुढे आलेली नव्हती. आयर्लंडला ये म्हणून काकांनी वर्षानुवर्षं विनवण्या केल्या होत्या आणि तिने दरवेळी गुडघे, एकादश्या आणि मांजर अशी कारणं दिली होती. काका अर्धा तास घरभर नाचले. मग खुर्चीत बसले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ती निंब पाहायला मागीन," ते म्हणाले.

मला हसू आलं, पण ते हसण्यावारी नेत नव्हते. "ती काही बोलणार नाही गं. तेच तर वाईट. नुसती पाहीन माझ्याकडे." एकुलता मुलगा, आईच्या मनाविरुद्ध एवढ्या लांब आलेला. त्याच्या दारात निंब आहे या एका गोष्टीवर तिने मनाची समजूत घातली होती. जगाकडे जन्मभर पुरावा मागणाऱ्या माणसाचा शब्द त्याच्या आईने पुराव्याशिवाय मानला होता, आणि तोच शब्द खोटा होता. मला त्या दिवशी काकांची पहिल्यांदा खरी दया आली. मी म्हटलं, मी काय करू ते सांगा.

त्यांनी सगळं आखलं. मी डब्लिनच्या भारतीय दुकानातून कडुनिंबाच्या पाल्याची भुकटी आणायची, म्हणजे पाडव्याच्या चटणीला कडूपणा येईल. काकूंनी ती गूळ-ओव्यात बेमालूम मिसळायची. नोराने कोणी झाडाचं नाव विचारलं तर 'नीम' म्हणायचं. नोराने काय आणि का, हे ऐकून घेतलं, डोळे पुसेपर्यंत हसली आणि म्हणाली की आईसाठी असेल तर हे खोटं धरत नाहीत.

आजी आली. एवढीशी, वाळकी, नऊवारीवर काकूंचा स्वेटर, तोंडात मोजके दात आणि नजर अशी की आपण काहीतरी चोरलंय असं वाटावं. मोटारीतून उतरता उतरताच तिने विचारलं, "निंब कुठी हाये?"

काकांनी नोराच्या फाटकाकडे बोट केलं. झाड पार उघडं होतं.

"हा? हा तर वाळला."

"झोपलाय, आई. इथे झाडं हिवाळ्यात झोपतात."

तेवढ्यात नोरा बाहेर आली आणि झाडावर थाप मारून ओरडली, "नीम! नीम!" एवढ्यावर थांबायचं की नाही? उत्साहाच्या भरात तिने कुंपणाच्या झुडपालाही नीम म्हणून टाकलं. आजीने झुडपाकडे पाहिलं, नोराकडे पाहिलं, आणि सरळ घरात गेली. पुढे दोघींचं मस्त जमलं. रोज दुपारी त्या नोराच्या ओट्यावर बसून आपापल्या भाषेत बोलत, आणि दोघींनाही भाषेची काही अडचण वाटत नसे.

काचघराला काकांनी कुलूप घातलं होतं. आतलं तापमान बिघडतं, पाडव्यालाच उघडायचं. आजी बाहेरून काचेला नाक लावून बघे. आतून वाफ धरलेली, त्यामुळे नुसतं हिरवं हिरवं दिसे.

पाडव्याची गुढी थाटात उभी राहिली. काकांनी काचघरातली फांदी हाताने मोडली, मोडण्याआधी झाडाला विचारलं, आजीने नागपूरहून आणलेली साखरेची गाठी बांधली. चटणीचा घास तिने डोळे मिटून खाल्ला. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत उभे. "कडू हाये," ती म्हणाली. काकांचा चेहरा उजळला. मग ते श्रीखंड-पुरीवर असे तुटून पडले की दुपारी सोफ्यावर घोरायलाच लागले, माकडटोपीसकट.

काकूंना कढीला कढीपत्ता हवा होता, म्हणून मी काचघरात गेले. कुलूप उघडंच होतं. आत उलट्या बादलीवर आजी बसली होती. चपला नियमाप्रमाणे बाहेर काढलेल्या. हातात रोवनची एक काडी, आणि ती एक पान चावत होती.

"ये," ती म्हणाली. "हा निंब नाही, वं पोरी."

"आजी, इथल्या थंडीने जरा..."

"थंडी राहू दे." तिने चोथा पदराच्या टोकात थुंकला. "तोंडात घातलं की कळते. चटणीत भुकटी टाकली ना तुमी?"

मी मान खाली घातली. आता ही आत जाणार, लेकाकडे नुसती बघणार, असं माझ्या मनात आलं. मी म्हटलं, "मग सकाळी बोलला का नाहीत?"

"कायले बोलू?" आजीने एका कुंडीतली माती बोटाने चाचपली. मग म्हणाली, "आमचाबी निंब नाही आता."

"म्हणजे?"

"मागच्या आखाडात वादळ झालं. पडला. मुळासकट."

"काकांना माहीत नाही?"

"कसं सांगू त्याले? दर फोनले इचारते, निंब कसा हाये. मी म्हणतो, मजेत हाये. फोन घेऊन अंगणात म्हणून जात नाही मी." ती हसली, मग हसू आवरून माझ्याकडे वाकली. "तो पाडव्याले येतो म्हणाला. मंग मी काय करतो? म्हटलं, आपणच जाव."

त्या म्हातारीने गुडघे, एकादश्या आणि मांजर सोडून, दोन विमानं बदलून समुद्र ओलांडला होता, तो लेकाला अंगण दिसू नये म्हणून. मला हसावं की रडावं कळेना. मी तिच्या शेजारी जमिनीवरच बसले.

"सांगून टाका ना, आजी. झाडच ते. वादळाला तुम्ही काय करणार?"

"त्याच्या बापानं लावला होता. बाप गेला तवा हा आला, निंबाले धरून रडला. आता घरी त्याचं कोण हाये? मी अन् निंब. त्यातला एक गेला म्हणून फोनवर सांगू?"

तिने माझ्या पाठीवर थाप मारली.

"रोप लावलं हाये त्याच जागी. गुडघ्याएवढं झालं. फक्त दोन पावसाळे पायजेत. मंग येऊ दे त्याले. मी म्हणीन, छाटला."

"एवढा छाटला?"

"भलता वाढला होता." तिने काडी कुंडीत खोचून ठेवली आणि उठली. "तू त्याले सांगू नोको. ना ह्याचं, ना त्याचं."

संध्याकाळी नागपूरच्या गल्लीतल्या बायांचा व्हिडिओ कॉल आला. आजी गुढीखाली फोन धरून खणखणीत आवाजात सांगत होती, निंब असा आहे, तसा आहे, चटणी अशी कडू झाली की विचारू नका. काका शेजारी उभं राहून मान डोलावत होते.

ती जायला निघाली त्या दिवशी आम्ही सगळे विमानतळावर गेलो. नोराने तिला लोकरीचे मोजे दिले आणि दोघी रडल्या. चाकाच्या खुर्चीतून आत जाताना आजीने मागे वळून सगळ्यांना हात केला. मला तिने फक्त डोळे वटारून दाखवले.

परतीच्या वाटेवर मेनूथ गाव मागे पडलं. मग काका एकदम म्हणाले, "नाही कळलं बरं तिला!" आणि स्टिअरिंगवर हात मारला. किती वर्षांनी त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. टोपीसुद्धा काढून ठेवली त्यांनी. "आता पुढच्या पाडव्याला आपणच जायचं. तिकिटं आजच काढतो. अंगणात निंबाखाली खाट टाकायची अन् नुसतं पडून राहायचं."

"चला की," काकू म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी नको, काका," मी मागच्या सीटवरून म्हटलं.

"काहून?"

मी तोंडाला आलं ते ठोकून दिलं. "पुढच्या वर्षी कुंडीतल्या रोवनना पहिल्यांदा फुलं येतील. तुम्ही इथे नसाल तर बघणार कोण?"

"फुलं तर मे महिन्यात येतात."

"काचघरात आधी येतात."

काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. ते आता पुरावा मागणार, असं वाटून मी खिडकीबाहेर बघायला लागले. पण त्यांनी काही विचारलं नाही. गाडीचा वेग जरा कमी केला आणि विचार करत म्हणाले, "हो, तेही खरंच. मग त्याच्या पुढच्या वर्षी?"

"हो," मी म्हटलं. "त्याच्या पुढच्या वर्षी नक्की जा."